अवॉर्ड द्यायचा तर शिकवणाऱ्यांना द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडबद्दल आपल्या मराठी पेपरांत जे छापून येतं ते बहुतेक वेळा किल्ले, व्हिस्की, किल्ट घालून बॅगपाइप वाजवणारा माणूस आणि लॉक नेस एवढ्यावर आटपतं. ते खोटं आहे असं मुळीच नाही, हे सगळं इथे आहेच आणि लोकांना त्याचा अभिमानही आहे, पण मी बरीच वर्षं इनव्हरनेसच्या बाजूला राहते आणि मला राहून राहून वाटतं की ज्या माणसांमुळे इथली गाणी, भाषा, वाद्यं, विणकाम अजून टिकून आहे त्यांच्याबद्दल कोणी चार ओळी पण लिहीत नाही. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

निमित्त आहे आमच्या भागातल्या एका छोट्या कम्युनिटी अवॉर्डचं. मोठा इव्हेंट वगैरे काही नाही, गावाच्या हॉलमध्ये कार्यक्रम असतो, घडीच्या खुर्च्या, चहाचा मोठा बंब, कोणीतरी घरून करून आणलेलं शॉर्टब्रेड, रॅफलची तिकिटं आणि शेवटी लहानथोर सगळे मिळून 'केली' नावाचा इथला पारंपरिक सामूहिक नाच. नावं गावातल्या लोकांनीच सुचवायची आणि इथल्या वारशासाठी ज्याने किंवा जिने मनापासून काम केलंय अशा एका माणसाला क्वेख द्यायचा. क्वेख म्हणजे दोन कान असलेला पसरट उथळ प्याला, स्कॉटलंडमध्ये स्पर्धेत, लग्नात, निरोप समारंभात हमखास दिसतो, दोन्ही हातांनी द्यायचा आणि दोन्ही हातांनी घ्यायचा. आमच्या क्वेखच्या लाकडी बैठकीवर आधीच्या सगळ्या मानकऱ्यांच्या नावाच्या चांदीच्या छोट्या पट्ट्या आहेत. वर्षभर घरी ठेवायचा, पुढच्या वर्षी घासूनपुसून परत आणून द्यायचा.

मागच्या खेपेला तो मिळाला एका म्हाताऱ्या बाईंना. त्या हॉलच्या मागच्या खोलीत मुलांना फिडल (म्हणजे व्हायोलिनच) शिकवतात, कित्येक वर्षं शिकवतायत, पैसे घेत नाहीत. समोर नोटेशनचा कागद नसतो. त्या एक ओळ वाजवणार, पोरं ती ऐकून वाजवणार, चुकली की परत तीच ओळ, जमली की पुढची, आणि अशी एकेक ओळ करत पूर्ण रील (नाचाची जलद धून) बसली की ती मुलं आयुष्यात विसरत नाहीत. त्यांना स्टेजवर बोलावलं तेव्हा त्यांच्या हाताखाली शिकलेले सगळे जण उभे राहिले, त्यात शाळेतली मुलं होती, त्यांचे आईबाप होते, दोघंतिघं खास ग्लासगोहून गाडी चालवत आले होते. बाईंनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या की मागच्या खोलीतला हीटर बंद पडलाय, थंडीने पोरांची बोटं आखडतात आणि तारा सारख्या उतरतात, तेवढं कमिटीने बघावं. पुढच्याच आठवड्यात हीटर दुरुस्त झाला!

मला अवॉर्डचा खरा उपयोग इथे दिसतो. वर्षानुवर्षं जे काम मागच्या खोलीत चालू असतं ते एका संध्याकाळी पुढच्या हॉलमध्ये येतं, गाव त्याच्याकडे बघतं आणि त्या माणसाचं ऐकतं. पुतळे आणि म्युझियम पाहिजेतच, त्याबद्दल वाद नाही, पण ट्यून, गाणं, भाषा या गोष्टी काचेच्या कपाटात ठेवून राहत नाहीत, त्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे जायला लागतात आणि मधला माणूस थकला, कंटाळला किंवा त्याला वाटलं की कोणाला काय पडलंय, की तिथेच संपलं.

अवॉर्डांचं हे काम स्कॉटलंडला नवीन नाही. 1746 च्या एप्रिलमध्ये कलोडनच्या माळावर (आमच्याकडून जवळच आहे) जेकबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूचं) सैन्य हरलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की स्कॉटलंडमधल्या पुरुषांनी आणि मुलांनी किल्ट, प्लेड (अंगावर घ्यायचं लोकरी कापड) असला हायलँडी, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातला, पोशाख घालायचाच नाही. पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षांसाठी समुद्रापार रवानगी, फक्त सैन्यात असलेल्यांना सूट. हा कायदा रद्द व्हायला 1782 उजाडलं. म्हणजे एक अख्खी पिढी आपल्या बापाचे कपडे न घालता मोठी झाली. आणि कायदा अजून लागू असतानाच, 1781 मध्ये, हायलँड सोसायटी ऑफ लंडनने फॉल्कर्कच्या गुरांच्या बाजारात पाइपवादनाची स्पर्धा भरवली. हायलँडमधून गुरं हाकत माणसं त्या बाजाराला यायचीच. पहिलं बक्षीस होतं बॅगपाइपचा नवा संच, जो घरी नेऊन वाजवायचा, त्याच्यावर पोराला शिकवायचं. असं बक्षीस मला फार आवडतं. आज शोकेसमध्ये ठेवायच्या ट्रॉफ्या वाटतात त्यापेक्षा हे किती शहाणपणाचं होतं!

पण याच गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अशा सोसायट्या बड्या लोकांच्या होत्या, त्यात हायलँडचे जमीनदार होते, आणि पुढच्या काही दशकांत जमीनदारांनीच मेंढ्यांसाठी स्ट्रॅथनेव्हरसारखी खोरीच्या खोरी रिकामी केली, घरांची छपरं जाळली, माणसं किनाऱ्यावर नाहीतर सरळ कॅनडाच्या जहाजावर. एका हाताने पाइपरला मेडल आणि दुसऱ्या हाताने त्याच्या गावाला नोटीस, असं तेव्हा घडलंय. म्हणून अवॉर्ड कोण देतं हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गावाने गावातल्या माणसाला दिलेला अवॉर्ड आणि वरून कोणीतरी येऊन दिलेला अवॉर्ड यात फरक आहे, मग तो वरचा कितीही झगमगीत असो.

भाषेचं तर अजूनच वाईट झालं. 1872 च्या शिक्षण कायद्याने स्कॉटलंडमध्ये शाळा सक्तीची केली पण त्यात गॅलिकला, म्हणजे हायलँड आणि बेटांवरच्या जुन्या भाषेला, जागाच ठेवली नाही, घरी गॅलिक बोलणाऱ्या पोरांना वर्गात तीच भाषा बोलली म्हणून मार बसायचा, हे अनुभव इथल्या कितीतरी घरांतून आजही सांगतात. त्याला उत्तर म्हणून जे उभं राहिलं त्यात एक मोठी गोष्ट म्हणजे मॉड, गॅलिक गाण्या-कवितांच्या स्पर्धांचा महोत्सव. तो भरवणारी अन कोमन गेलख ही संस्था 1891 मध्ये ओबनला स्थापन झाली आणि 1892 मध्ये ओबनलाच पहिलं मॉड भरलं. आता रॉयल नॅशनल मॉड दर ऑक्टोबरमध्ये भरतं, दरवर्षी वेगळं गाव, गाणं, कविता, नाटक, वाद्यं, कॉयर, सगळ्याच्या स्पर्धा. तिथलं गोल्ड मेडल म्हणजे गॅलिक गाणाऱ्यांसाठी शेवटची पायरी. मला त्यातली एक पद्धत विशेष आवडते ती म्हणजे संगीताचे मार्क वेगळे आणि गॅलिकचे मार्क वेगळे, परीक्षकही वेगळे. गळा कितीही गोड असू दे, उच्चार घसरला की मार्क गेले. त्यामुळे होतं काय की ग्लासगोत नाहीतर एडिनबर्गमध्ये वाढलेली मुलगी मेडलसाठी का होईना पण महिनोन् महिने बेटावरच्या कोणा म्हातारीकडे नाहीतर शिक्षकाकडे जाऊन बसते, फोनवर ओळी म्हणून दाखवते, शब्द कुठे आखडायचा कुठे सोडायचा ते शिकते. मेडल तिला मिळतं, भाषा मात्र दोघींच्या मधे हलती राहते.

इथे माझी तक्रार आहे ती अशी की त्या म्हातारीचं नाव कुठेच येत नाही. फोटो मेडलवालीचा, मुलाखत मेडलवालीची. हेच पाइपिंगमध्ये, हेच हायलँड डान्समध्ये. स्पर्धा पाहिजेच, स्पर्धेमुळे दर्जा राहतो, ऑगस्टमध्ये ग्लासगो ग्रीनवर वर्ल्ड पाइप बँड चॅम्पियनशिप बघितली की अंगावर काटा येतो, एवढे पाइपर आणि ड्रमर आणि एक स्वर इकडचा तिकडे नाही. पण स्पर्धा सादर करणाऱ्याला मोजते. शिकवणाऱ्याला मोजायचं काम कम्युनिटी अवॉर्डनेच करायला हवं कारण दुसरं कोणी ते करत नाही.

जीनी रॉबर्टसनचं उदाहरण सांगते. स्कॉटलंडमध्ये ट्रॅव्हलर म्हणून एक भटका समाज आहे, तंबूत राहणारे, कल्हई-पत्र्याची कामं करणारे, हंगामात बेरी तोडायला जाणारे, नद्यांतून मोती काढणारे. गावोगावचे लोक त्यांना हिणवायचे, आणि त्याच लोकांकडे शेकडो वर्षांची गाणी आणि गोष्टी तोंडपाठ होत्या. एडिनबर्ग विद्यापीठात 1951 मध्ये स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं, तिथले हॅमिश हेंडरसन टेपरेकॉर्डर घेऊन हिंडायचे आणि 1953 मध्ये अ‍ॅबर्डीनमध्ये त्यांना ही जीनी भेटली. साधी घरगुती बाई, आईकडून ऐकलेली जुनी बॅलड्स (गोष्ट सांगणारी गाणी) स्वयंपाकघरात म्हणणारी. पुढे तिचा आवाज रेकॉर्डवरून जगभर गेला आणि 1968 मध्ये तिला एमबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. आता विचार करा, ट्रॅव्हलर लोकांना जबरदस्तीने टाकाऊ घरांत नेऊन बसवण्याचे जे प्रकार 1940 च्या दशकापासून कित्येक वर्षं झाले त्याबद्दल स्कॉटिश सरकारचे प्रमुख, फर्स्ट मिनिस्टर जॉन स्विनी यांनी माफी मागितली 2025 मध्ये. सरकारची माफी यायला इतका काळ लागला, पण गाण्याच्या सन्मानामुळे कितीतरी स्कॉटिश लोकांनी पहिल्यांदा मान्य केलं की आपला वारसा या माणसांनी सांभाळलाय ज्यांना आपण दारात उभं करत नव्हतो. तिच्यासारख्या कितीजणी तोपर्यंत कोणी न विचारताच गेल्या असतील, याचा विचार आला की वाईट वाटतं. म्हणूनच मी म्हणते की जिवंतपणी द्या, गावातच द्या आणि लवकर द्या. ती टेपवरची बरीच गाणी आता टोबर अन डुआलखस या वेबसाइटवर फुकट ऐकायला मिळतात, वाचकांनी जरूर ऐकावीत.

आपल्याकडे जात्यावर बसून बायका ओव्या म्हणायच्या ना, तसं हेब्रिडीज बेटांवर विणलेलं ओलं लोकरीचं कापड घट्ट व्हावं म्हणून बायका लांब टेबलाभोवती समोरासमोर बसायच्या, कापड तालात आपटायच्या आणि एकीने ओळ सांगायची बाकीच्यांनी धरायची अशी गाणी चालायची. ते काम मशिनवर गेलं, गाणी उरली. हीच गाणी बोटीतून कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेली. 1773 मध्ये हेक्टर नावाचं जहाज सुमारे दोनशे हायलँडी माणसं घेऊन तिथल्या पिक्टू बंदराला लागलं आणि त्यानंतर येतच राहिली, तिथल्याच केप ब्रेटन बेटावर आजही मिलिंग फ्रॉलिक म्हणून टेबलाभोवती बसून तसंच कापड आपटत गातात. तिथल्याच अँटिगोनिश गावचे हायलँड गेम्स 1863 पासून चालू आहेत. कॅनडा-अमेरिकेत स्कॉटिश वंशाच्या लोकांच्या सोसायट्या भरपूर, 6 एप्रिलला टार्टन डे साजरा करतात (1320 च्या आर्ब्रोथच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याच्या, जाहीरनाम्याची ती तारीख) आणि अवॉर्डही देतात. त्यांच्या भावनेबद्दल मला पूर्ण आदर आहे, एवढ्या पिढ्यांनंतरही माणसं मूळ गावाचं नाव घेतात ही मोठी गोष्ट. पण तिथेही कुठल्या क्लॅनचा (कुळाचा) चीफ आला आणि कोणी किती मोठी देणगी दिली यापेक्षा केप ब्रेटनच्या त्या टेबलाशी ओळ सांगायला कोण बसतं, तिच्याकडून ती ओळ कोण उचलतंय, याला मान मिळावा असं मला फार वाटतं.

चांगल्या गोष्टीही घडतायत आणि त्या सांगायलाच हव्यात. 1981 मध्ये बॅरा नावाच्या छोट्याशा बेटावर काही लोकांनी ठरवलं की आपल्या मुलांना आपलीच गाणीवाद्यं शिकवायला आठवडाभर शिबिर घ्यायचं, त्याला फेश म्हणतात, आज स्कॉटलंडभर 40 च्या वर फेश आहेत आणि त्यातून शिकलेली मुलं आता स्वतः शिकवतात. पारंपरिक संगीतासाठी 2003 पासून स्कॉट्स ट्रॅड म्युझिक अवॉर्ड्स आहेत, त्यात लोक मत देतात आणि मोठ्या कलाकारांबरोबर कम्युनिटी प्रोजेक्टसाठी सुद्धा कॅटेगरी आहे. 2019 पासून स्कॉट्स भाषेचे वेगळे अवॉर्ड्स सुरू झाले, त्यात शाळा आणि शिक्षकांना सुद्धा जागा आहे, हे तर मला सगळ्यात पटलेलं. स्कॉट्स ही गॅलिकपेक्षा वेगळी, इंग्रजीच्या जवळची भाषा आहे, 2022 च्या जनगणनेत 15 लाखांवर लोकांनी आपण ती बोलतो असं सांगितलं, तरी अनेकांना लहानपणी शाळेत "नीट बोल" म्हणून गप्प केलेलं असतं. अशा माणसाला स्टेजवर बोलावून त्याच भाषेबद्दल टाळ्या मिळतात तेव्हा त्याच्या घरातली नातवंडं पण ती भाषा तोंडात आणायला लाजत नाहीत.

गॅलिकचे आकडे बघितले तर थोडी आशा आणि थोडी काळजी दोन्ही वाटते. गॅलिक थोडीफार तरी येणारे 2011 मध्ये 87 हजारांच्या आसपास होते, 2022 मध्ये 1 लाख 30 हजारांवर गेले, 1985 पासून गॅलिक माध्यमाचे वर्ग सुरू झाले त्याचा यात मोठा वाटा असणार असं मला वाटतं. पण वेस्टर्न आइल्समध्ये, म्हणजे पश्चिमेकडच्या बेटांवर, जिथे ती बाजारात, चर्चमध्ये, बोटीवर बोलली जायची, तिथे बोलणारे निम्म्याहून कमी झाले. 2025 मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने कायदा करून गॅलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा दिला, चांगलंच झालं. तरी कायदा काही संध्याकाळी मुलाजवळ बसून गाणं शिकवत नाही, शेजारची बाई शिकवते, आणि ती शिकवत राहावी असं वाटत असेल तर तिच्या खोलीचं भाडं, हीटर, फिडलच्या तारा, पोरांना आणायला मिनीबस एवढं तरी अवॉर्डबरोबर द्यावं. ट्रॉफीवर खर्च करण्यापेक्षा दोन-तीनशे पाउंड तिच्या वर्गाला दिले तर पुढचे कितीतरी महिने निघतात. आणि कमिट्यांनी एक पथ्य पाळावं, स्पॉन्सरला आणि कमिटीतल्याच माणसाला अवॉर्ड देऊ नये, त्यांचे आभार वेगळे मानावेत.

आता इथल्या आपल्या मराठी लोकांसाठी. ग्लासगो, एडिनबर्ग, अ‍ॅबर्डीनमध्ये आपली बरीच मंडळी आहेत, शिकायला आलेली, हॉस्पिटलमध्ये, तेलाच्या कंपन्यांत, आयटीत कामाला. आपण गणपती करतो, दिवाळी करतो, शेजारचे स्कॉटिश लोक हौसेने येतात, मोदक कसे करतात विचारतात. तर आपणही त्यांच्या बाजूने थोडं करू या. 25 जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सच्या नावाने होणाऱ्या बर्न्स नाइटला जाऊन हॅगिस खाणं झालंच, पण आपल्या मुलाला पाइप शिकवणारा जो माणूस आहे, लायब्ररीत गॅलिकचा वर्ग घेणारी जी बाई आहे, शेटलंडला पोस्टिंग असेल तर फेअर आयल विणकामाचे नमुने न बघता घालणाऱ्या आणि शाळेत जाऊन मुलांना दाखवणाऱ्या ज्या आजी आहेत, त्यांचं नाव अवॉर्डसाठी सुचवा. बहुतेक ठिकाणी तिथे राहणारा कोणीही नाव देऊ शकतो, स्कॉटिश असायची अट नसते. उलट बाहेरून आलेल्याने नाव दिलं तर त्यांना फार बरं वाटतं, कारण गावातल्यांना ती बाई रोजची असते, तिचं काम त्यांच्या डोळ्यांना सवयीचं झालेलं असतं. आमच्या फिडलवाल्या बाईंचं नाव सुचवणाऱ्यांमध्ये एक पोलिश कुटुंब होतं, त्यांची दोन्ही मुलं तिच्याकडे शिकतात.

फॉर्म भरताना मोठमोठे शब्द शोधत बसू नका. तो माणूस कुठे शिकवतो, केव्हापासून, किती मुलं आली, त्यातली किती पुढे शिकवायला लागली, एखाद्या मुलाला त्याने कसं सांभाळून घेतलं, एवढं साधं लिहा, कमिटीला तेच हवं असतं. आणि त्या माणसाला आधी विचारून घ्या, इथले जुने लोक संकोची असतात, त्यांना न सांगता नाव दिलेलं आवडत नाही.

संपादक महाशय, तुमच्याकडे विनंती एवढीच की ऑक्टोबरमध्ये मॉड भरतं तेव्हा पर्यटनाच्या पानावर एक तरी बातमी त्याची द्या, आणि विजेत्याचं नाव छापाल तेव्हा त्याला शिकवलं कोणी हे विचारून तेही नाव छापा. माहिती मिळवायला अडचण आली तर इथून मी आणि माझ्या ओळखीचे दोन-चार जण आनंदाने मदत करू.

कळावे,
आपली एक नियमित वाचक
इनव्हरनेस, स्कॉटलंड